ओल मोजणारा केस

माझं अक्षर वाकडं आहे आणि शुद्धलेखनाच्या चुका फार होतात, त्याबद्दल माफी असावी. चौथीनंतर शाळा सुटली. तरी लिहून ठेवते, कारण बोलायला गेलं की माझा आवाजच फुटत नाही.

आमचे हे गिरणीत होते. सूत तुटू नये म्हणून खात्यातली हवा ओली ठेवायची, हे यांचं काम. संपानंतर गिरणी सुटली, पण छातीत भरलेला कापूस गेला नाही. चारकोपच्या आमच्या खोलीच्या भिंतींना ओल यायची आणि पावसाळ्यात यांना श्वास पुरत नसे. डॉक्टर म्हणाले, खोली कोरडी ठेवा. माझ्या नणंदेने उसने पैसे दिले, त्यातून हवेतलं पाणी ओढणारं एक जुनं परदेशी मशीन आणलं. ओल वाढली की आपोआप चालू, कमी झाली की बंद, असं दुकानदाराने सांगितलं होतं.

ते बंदच होईना. खोली भट्टीसारखी तापली, घसा सुकून यांचा खोकला वाढला. शेवटी यांनी पलंगावर बसूनच मशीनचं मागचं झाकण उघडलं. आत ताणून बसवलेला एक केस तुटला होता.

"ओल लागली की केस लांबतो, सुकला की आखडतो. त्यावरच बटण चालतं," हे म्हणाले. "गिरणीतल्या ओल मोजायच्या काट्यातही असाच होता. तुझा एक दे गो."

"माझा? मशीनला?"

"मग काय माझ्या टकलावरचा काढू?"

मी वेणी सोडून एक लांब केस दिला. यांनी तो बसवून स्क्रूने ताण दिला. मशीन गप्प झालं, पण आता चालूच होईना. ओलं फडकं जवळ धरलं तरी नाही. हे माझ्या डोक्याकडे बघत राहिले आणि एकदम हसायला लागले.

"अगो, रोज खोबरेल थापतेस. त्या केसात पाणी शिरणार कुठून?"

हसता हसता ढास लागली. मी पाठ चोळत राहिले.

दुसरा केस मी सोड्याच्या गरम पाण्यात धुऊन सुकवला. तो बसवून फडकं धरलं आणि आत टक् झालं. मशीन सुरू झालं, मग थोड्या वेळाने आपोआप थांबलं. त्या दुपारी हे किती तरी दिवसांनी आडवे होऊन झोपले.

खोली कोरडी झाली. छाती सुधारली नाही. गणपती गेले आणि मागोमाग हे गेले.

मशीन बंद करायचं कुणाला सुचलं नाही. भेटायला आलेल्या बायका भिजलेल्या साड्यांनी आत बसल्या की ते टक् करून सुरू व्हायचं. मी दचकून पलंगाकडे बघायची.

पुढे ते एका फोटोवाल्याला विकलं. त्याच्या कॅमेऱ्याच्या भिंगांना बुरशी लागत होती. आलेले पैसे नणंदेला दिले, उरलेले शिवणकाम करून थोडे थोडे फेडले. शेवटचे हातावर ठेवले तेव्हा त्या म्हणाल्या, "वहिनी, भावासाठी दिले होते गं. परत कशाला?"

मला खूप बोलायचं होतं. "वन्सं, मोजून घ्या," एवढंच म्हटलं.

त्यांनी मोजले. सगळे फिटले.