संपादकांस पत्र, पत्ता सांता क्लारा

२००७ च्या उन्हाळ्यात बाबा सहा महिन्यांसाठी अमेरिकेत सांता क्लाराला माझ्याकडे आले आणि तिसऱ्याच आठवड्यात परतीचं तिकीट अलीकडे आणायला सांगू लागले. कारण एकच, सकाळी दारात पेपर पडत नाही. त्यांचा पुण्याचा पेपर आता वेबसाइटवर येतो, हे मी दाखवलं. त्यांनी नाक मुरडलं. "घडी घालता येत नाही, त्याला पेपर कसला म्हणायचा?" मी मनातून चिडले, कारण मला ते पूर्ण सहा महिने हवे होते. तरी एअरलाइनला फोन करून वेटिंग लिस्टवर नाव घातलं.

मग एकदा त्यांना स्क्रीनवर, बातमीच्या खाली, वाचकांची मतं दिसली. रस्तारुंदीसाठी झाडं तोडण्याची बातमी होती. चाळीस वर्षं संपादकांना पत्रं पाठवून जेमतेम तीन छापून आलेला माणूस तो! ताबडतोब मला टाइप करायला बसवलं. "मा. संपादक, स. न. वि. वि." पासून सुरुवात. मधे एकेक झाड का वाचवायला हवं याची कारणं. शेवटी पूर्ण नाव आणि अपार्टमेंट नंबरासकट पत्ता.

"बाबा, इथे पत्ता नाही टाकायचा. सगळं जग वाचतं."

"निनावी पत्र छापत नाहीत."

"इथे कुणी छापत नाही, आपोआप येतं."

"म्हणून काय लाज सोडायची?"

टाकला पत्ता. आमच्या घरात हट्टाला औषध नाही. थोड्या वेळात पत्र बातमीखाली दिसू लागलं आणि बाबा ते चार वेळा वाचत बसले.

तिसऱ्या दिवशी बेल वाजली. दारात पांढऱ्या स्पोर्ट्स शूजमधले सत्तरीचे एक काका. पुण्याचेच, दोन रस्ते सोडून मुलाकडे आलेले. हातात बाबांच्या पत्राचा प्रिंटआउट, पेनाने जागोजागी खुणा केलेला.

"हे तुम्ही लिहिलंत? मुद्दा साफ चूक आहे."

"आत या," बाबा म्हणाले. "बसून बोलू."

तेव्हापासून काका रोज सकाळी हजर. मी ऑफिसला निघेपर्यंत दोघांचे आवाज चढलेले असत. एवढं गोड भांडण मी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

महिन्याभराने एका सकाळी, काका चहाला बसलेले असतानाच, एअरलाइनचा फोन आला. पुढच्या मंगळवारची सीट रिकामी झाली होती. मी रिसीव्हरवर हात ठेवून बाबांना विचारलं.

"कॅन्सल कर," ते म्हणाले. "यांना अजून एकही झाड पटलेलं नाही."

मी सीट नको म्हणून सांगितलं. फोन ठेवताना माझे डोळे भरून आले. काकांनी ते पाहिलं, आणि चहात साखर कमी आहे अशी उगाचच तक्रार केली.