खेमाचा गळा कंपनीनं इकत घेतला

खेमाचं नाव काढलं का माह्या तोंडाले आजबी कडू पानी सुटते. पन तुमी इचारलंच हाय, तर सांगते.

दुसरी लढाई लागाच्या दोन वर्सं आधीची गोठ. मी वाशीमजवळच्या मालेगावच्या बाजारात फुटाणे-मुरमुरे इकत बसो. बाजूले माही ननंद धनी बसे, तिच्याजवळ लाल मिरच्यांचं टोपलं. धनीचा मालक लगनाच्या वर्साच्या आतच गेला, तवापासून ती आमच्याच घरी होती. आमी दोघी दिसभर भांडो आन् सांजच्याले एकाच ताटात जेवो. ती मले वयनी म्हणे, मी तिले धने म्हणो.

आन् खेमा आमचा मुनादीवाला. डफडं बडवून गावाले खबर सांगाची, हे त्याचं काम. त्याच्या बापाचंही तेच होतं. कोनाचा बैल हारपला, कोनाच्या घरी माती झाली, नाल्याले पूर आला, सारं खेमाच्या तोंडून कळे. आवाज असा का डफडं नसतं तरी चाललं असतं. आन् एक होतं बरं त्याच्यात, कोनी येऊन सांगतलं का अमका मेला, तर खेमा पयले त्या घरी जाऊन सोताच्या डोयानं पाये, मंगच डफड्याले हात लावे. म्हणून गावाची एक सवय होती. खेमानं सांगतलं तर खरं, खेमा बोलला नाई तर झालंच नाई. पन मान केवढा? "ए खेम्या, इकडं ये." बस, इतकाच. सूपभर ज्वारी त्याच्या पदरात अशी टाकत, जसं त्यानं भीकच मांगतली.

मंग आली ते कंपनी. मुंबईची. चहा इकनारी. आमच्या भागात तवा चहा पेतच कोन होतं? कंपनीनं पयले कारंज्याचा मुनादीवाला घेतला, मंग रिसोडचा, मंग वाशीमचा, आन् मंग आमचा खेमा. एका महिन्यात चारी बाजाराचे गळे तिच्या खिशात! कंपनीचा इजंट आला, कागदावर खेमाचा अंगठा घेतला, त्याले खाकी कोट देला आन् तोंडाले लावाले टिनाचा भोंगा देला. अट एकच, कंपनीच्या हुकमाबिगर बाजारात दुसरी मुनादी द्याची नाई.

खेमा तो कोट घालून आमच्या दुकानापुढं उभा राह्यला.

"गोमताबाई, पाय वं. पितळी बटनं!"

"आन् गावाची मुनादी कोन देईन रे?"

"इजंट मले खेमाजी म्हणते," तो म्हणे. "खेमाजी! बापाच्या जलमात कोनी म्हणलं नसन."

मी मुरमुऱ्याचं माप भरत राह्यली.

पुढच्या बाजारापासून सुरू झालं. "आयका हो आयका! इहिरीचं पानी पिऊ नका! पानी बाधते, पोट बिघडते! चहा प्या, तब्येत कमवा!" दिसातून ईस-पंचवीस डाव. खेमाले वाचता येत नव्हतं, तर इजंटानं पोपट पढवावा तसा पढवला त्याले. रिसोडहून आलेला एक बेपारी म्हणे, "अवं बाई, आमच्या इकडं बी हेच बोलते, शब्दाचा फरक नाई." उकंडरावाची माय मेली, मुनादी झाली नाई, वावरातले लोक वावरातच राह्यले, खांदा द्याले चार मानसं भेटता भेटता दोपार झाली. उकंडराव खेमाच्या अंगावर धावून गेला, तर खेमा म्हणते, "इजंटाले इचारा." थू! माह्यासमोर म्हणलं त्यानं हे.

पन खेमाले एकट्यालेच काहून शिव्या देऊ? गाव काय कमी होतं? कंपनीनं बाजारात टेबल मांडून फुकटचा चहा वाटला, तर भले भले पाटील गलास घेऊन रांगीत उभे. ते काळंकुट्ट पानी, त्याच्यावर माशा, आन् ह्याईच्या मिशाईतून ते गळून राह्यलं. कालपरेंत "चहानं कलेजं जळते" म्हणनारे रामराव पाटील तीन-तीन गलास पेत आन् इजंटाले घरी जेवाले नेत. मले तर किळस ये. सरकार-दरबारी याच रामरावानं एक शब्द टाकला असता तर गावाची मुनादी गावाजवळ राह्यली असती. त्यानं गलास पुढं केला.

असे सात-आठ महिने गेले. लोकाईनं भोंग्याकडं मान वळवनंच सोडून देलं. मी तर खेमाचा आवाज आला का मुद्दाम पाठ फिरवो. पानी पिऊ नका म्हणे! आमी काय तुह्या कंपनीच्या आधी तहानेनं मरत होतो?

चैताचा बाजार होता. ऊन असं का मिरच्या टोपल्यात करपून राह्यल्या. सकाळीच खालच्या आळीत दोघाईले उलट्या-जुलाब लागले होते. वाशीमहून डाक्टर आला, त्यानं बाजाराची इहीर पायली आन् रामराव पाटलाले म्हणे, पटकी हाय, ह्या पान्याले कोनी हात लावू नये, आत्ताच्या आत्ता मुनादी द्या. पाटलानं खेमाले सांगतलं. आन् खेमा गेला कोनाकडं? इजंटाकडं! कंपनीचा चहा त्याच इहिरीच्या पान्याचा. इजंट म्हणे, आज भरला बाजार हाय, आज ह्या इहिरीचं नाव घेशीन तर आपला चहा कोन पेईन? उद्या दे.

हे सारं मले मागून कळलं. तवा मले एवढंच दिसे का खेमा चहाच्या टेबलापाशी उभा हाय, भोंगा हातात, आन् तोंड बंद. मनात म्हणलं, चला, आज कान तरी सुखी.

दोपारी इहिरीजवळच एक म्हातारा पोट धरून पडला. खेमानं त्याले पायलं. मंग त्यानं भोंगा फेकला, घरून डफडं आनलं, आन् बोंबलत सुटला. "आयका हो आयका! इहिरीचं पानी पिऊ नका! पानी बाधून राह्यलं! पिऊ नका हो!"

कोनी मान वर केली नाई. दोन-चार पोट्टे हासले. एक बाई गलास घेऊन चहाच्या रांगीत जाऊन उभी राह्यली, तिले वाटलं वाटप सुरू झालं. खेमा एकेकाच्या खांद्याले धरून हालवे, रडे, "अरे खरं हाय रे, खरं हाय!" आन् लोक म्हणे, आज कंपनीनं नवीन सोंग काढलं वाट्टे. तो आमच्या ओळीत आला तर मी पाठ फिरवून बसली, नेहमीसारखी.

दुसऱ्या दिवशी दोपारी धनी गेली. त्या आठवड्यात एकोनीस मानसं गेली. कंपनीनं खेमाले काढून टाकलं आन् पावसायाच्या आधी दुसरा मानूस आनला, तोबी तेच बोले. रामराव पाटील त्याच्याही टेबलावर गलास घेऊन गेले. खेमा पुढं धा-बारा वर्सं जगला, पन त्याच्या हाताची मुनादी मंग कोनी घेतली नाई. मेला तवा मी मातीले गेली नाई.

लोक मले म्हणतेत, गोमताबाई, तू त्या खेमाले काहून एवढी तोंड भरून शिव्या देते? त्यानं तर शेवटी सांगतलं होतं.

हाव, सांगतलं होतं. आमच्यापासून चार हातावर उभा राहून सांगत होता. धनीच्या हातात लोटा होता, इहिरीवरून नुकताच भरून आनलेला. तिनं थांबून मले इचारलं, "वयनी, खेमा रडून काहून राह्यला वं? पान्याचं काय म्हणते?"

मी म्हणलं, "काई नाई वं, चहाचंच असन. पी तू."