डग्ग्याचा धुरा

माझ्या साडूंइतक्या गंभीरपणे गाणं ऐकणारा माणूस साऱ्या यवतमाळ जिल्ह्यात झाला नाही, आणि त्यांच्या घरून एक गाणं पुरतं ऐकून परतलेला पाहुणाही झाला नाही. मारेगावात ज्या दिवसांत कापसाच्या पडलेल्या भावाशिवाय दुसरा विषय नव्हता, त्या दिवसांत हा कापूसवालाच एका काळ्या खोक्याभोवती प्रदक्षिणा घालत होता. खोकं म्हणजे सबवूफर. त्यावर तळहात ठेवून साडू डोळे मिटायचे. चेहऱ्यावर बाळाचा ताप बघणाऱ्या आईचा भाव.

खोक्याच्या पाठीला एक बटण होतं. भारी आवाज, साडूंच्या भाषेत डग्गा, कुठवर खोक्याने काढायचा आणि कुठून पुढे लहान स्पीकरांनी घ्यायचं, हे ठरवणारं. त्याचं छापील नाव क्रॉसओव्हर. साडूंनी त्याचं बारसं केलं: धुरा. दोन वावरांमधला बांध! "धुरा पुढं सरकला तं हा दांडगा दुसऱ्याच्या वावरात नांगर घालते," ते मला समजावत, "अन मांगं गेला तं मधात जमीन पडीक."

जेवणाच्या आधी परीक्षा. "डोळे मिटा, साडूभाऊ. गवई कुठं बसला?"

"समोर."

"अन त्याचं पोट?"

मी कान देऊन ऐकलं. गवई समोरच होता, पण पोट, म्हणजे त्याचा खालचा घुमणारा आवाज, खरोखर कोपऱ्यात, कपाटाखाली होतं! साडू उडी मारून उठले, बटण केसभर मागे, पुन्हा तेच कडवं. आतून मेव्हणी ओरडली, "भाऊजी, दोन्ही एकाच जागी हाये म्हणा न! पोळ्या गार होऊन राह्यल्या!"

या कसरतीमागचं खरं कारण मात्र भिंतीपलीकडे राहत होतं. तिथे साडूंचे थोरले भाऊ. शेतातला धुरा कोणी कोरला यावरून दोघांचं बोलणं बंद झालेलं. सणाची पुरणपोळीसुद्धा जावाजावांच्या हातून परसदारी मुकाट्याने जायची. "डग्गा भिंतीपार गेला," साडू मला हळूच म्हणाले, "तं दादा म्हणन, यानं घरातबी धुरा कोरला. मंग झालंच."

एका रविवारी दुपारी बटण जरा जास्तच पुढे गेलं असावं. भिंतीवर धाडधाड बुक्क्या बसल्या. साडूंनी गाणं बंद केलं. मेव्हणी पिठाच्या हातांनी दारात उभी. आणि समोरच्या दारातून, कित्येक वर्षांनी, दादा आत आले.

"काहून बे लहान्या! मले तिकडं निस्ता डग्गाच ऐकू येते. गाणं काय एकटाच खाऊन राह्यला?"

"दादा, धुरा... जरासा तुमच्याकडं गेला."

"गेला तं गेला. सरक तिकडं."

दादा दिवाणावर बसले. त्या दिवशी साडूंनी बटणाला हात न लावता अख्खं गाणं ऐकवलं. गवयाचं पोट कपाटाखालीच राहिलं. कोणी चौकशी केली नाही. शेतातला धुरा कोणी कोरला, याचीही पुढे कोणी केली नाही.

आता दादा मुलाकडे नागपूरला असतात. पलीकडच्या घराला कुलूप आहे. परवा गेलो तेव्हा मी आपणहून डोळे मिटले आणि म्हणालो, "साडूभाऊ, पोट कोपऱ्यात हाये. धुरा चुकला तुमचा."

साडू जागचे हलले नाहीत. भिंतीकडे बघत म्हणाले, "राहू द्या. तिकून कोणी ठोकलं तं बरंच हाये न."