आत्याचं नाक आणि तिची जाऊबाई

शेंगदाण्यांच्या गोदामात माझ्या आत्याच्या नाकाचा शब्द शेवटचा असे. पोतं उघडलं की ती आधी तळव्याने केस चापून बसवायची, मग मूठभर दाणे नाकाशी न्यायची. "चांगले", "कुबट" नाहीतर "खवट". एवढंच बोलायची. त्यावर कुणी नाक मुरडत नसे.

मग यंत्र आलं. पावाच्या डब्याएवढं, आत वास ओळखणारे सेन्सर. त्याच्या कपात दाणे घालून झाकण लावलं की चांगल्याला हिरवा, खवटाला लाल दिवा.

"एका घरात दोन नाकं," आत्या म्हणाली, "म्हणजे ही माझी जाऊबाईच की!"

गोदामाचे साहेब मऊ बोलणारे, पण बोलले स्पष्ट. "आठवडाभर दोघी मिळून तपासा. जमलं तर यंत्र तुमच्या हाती. नाही जमलं तर तुम्ही पोती शिवायला."

जमेचना. आत्या म्हणे चांगले, की जाऊबाई लाल.

एका संध्याकाळी आत्या घरी आली. डोळे मिटून बसली आणि मला म्हणाली, "स्वयंपाकघरातलं काहीही आण. नाकाशी धर."

मी लवंग धरली, कॉफी धरली, साबण धरला. सगळं ओळखलं. खोडी काढावी म्हणून रिकामी वाटी धरली.

"हा तुझा आळस. वाटी नीट धुतलेली नाही."

हसलो दोघी. पण तिचे डोळे मिटलेलेच होते. "मग बिनसलंय कुठे गं?"

दुसऱ्या दिवशी, पोती तोलणाऱ्या काटेवाल्या काकांनी गंमत म्हणून स्वतःच कपात दाणे घातले. हिरवा! त्याच पोत्यातले आत्याने घातले. लाल.

"वहिनी, जाऊबाईंचा राग दाण्यांवर नाही हो, तुमच्यावर आहे!"

सगळं गोदाम हसलं. आत्याही हसली, सवयीने केसांवरून हात फिरवला, आणि हात तिथेच थांबला. तिने तळवा हुंगला. काहीच नाही. तो काकांच्या नाकाशी नेला.

काका दोन पावलं मागे सरले. "खवट!"

घरी खिडकीत उन्हाला ठेवलेलं केसांचं तेल केव्हाच बिघडलं होतं. रोज डोक्यावर तोच वास. नाकाने त्याची दखल घेणंच सोडलं होतं.

हात धुऊन गप्प बसता आलं असतं. आत्या सरळ साहेबांकडे गेली. "दाणे चांगलेच होते. पण जाऊबाईही खोटं बोलत नव्हती. खवट होतं ते माझं डोकं."

साहेबांनी हसू दाबायचा प्रयत्न केला, तो काही जमला नाही. त्यांच्यासमोर आत्याने साबणाने हात धुतले आणि पुन्हा मूठभर दाणे कपात घातले. हिरवा. पुढे आठवडा संपेपर्यंत दोघींचं एकदाही वाजलं नाही. यंत्र आत्याच्या हाती आलं.

आता कपाशेजारी एक चमचा असतो आणि भिंतीवर तिच्या अक्षरात पाटी: केसांचा हात दाण्यांना लावू नये.

तेलाची नवी बाटली आली आहे, पण ती उघडते फक्त सुट्टीच्या सकाळी. आत्या केस मोकळे सोडून उन्हात बसते, झाकण काढते आणि बाटली आधी माझ्या नाकाशी धरते.

"जाऊबाई घरी नाही ना आज. तूच बघ बाई."