बसेल तो हरेल

पेनिआताच्या बोटांवर सुपारीएवढ्या गाठी होत्या आणि उजव्या पायाच्या अंगठ्यावर लिंबाएवढी. दुखणं वीस वर्षांचं. आरोग्य केंद्रातली नर्स सांगून थकली, "काका, रक्तातलं युरिक अ‍ॅसिड साचून त्याचे खडे झालेत. गोळी रोज घ्या." ठणका थांबला की हा गोळी बंद करी. सभेत वाट्याला आलेलं खारं मांस मात्र त्याने कधी परत पाठवलं नाही.

तो आमच्या गावाच्या वक्त्यांपैकी एक. सामोआत पाहुण्यांपुढे गावाच्या वतीने एकच जण बोलतो. कोण, ते सगळे वक्ते मैदानात काठ्या टेकून, उभ्यानेच वाद घालून ठरवतात. जो बसला, त्याने हक्क सोडला.

त्याची थोरली बहीण लुपेसिना वारली. तिच्या सासरचे लोक रीतीप्रमाणे मानाच्या, बारीक विणीच्या चटया घेऊन आले. त्यांना उत्तर आपणच द्यायचं, एवढंच पेनिआताला हवं होतं. चौघे उभे राहिले. दोघांनी भावाचा मान ठेवून बसून घेतलं. चौथा, माउगा, बसेना. माउगाने सांगितलेली वंशावळ पेनिआताने एकदा भर सभेत खोटी पाडली होती.

आपला हक्क सांगायला माउगा भर उन्हात पूर्वजांची नावं एकेक करून घोळवू लागला. नजर पेनिआताच्या पायावर.

"दादा, बसा की. पाय केळफुलासारखा झालाय."

"तुझे पूर्वज संपू देत. की आजही एखादा घरी विसरलास?"

लोक हसले. माउगाने आणखी पाच पिढ्या काढल्या.

तासाभराने अंगठ्यावरची गाठ फुटली. गवतावर पांढरा लगदा सांडला.

"बघा रे, म्हाताऱ्यातून खडू निघतोय!" माउगा ओरडला.

"वेचून घे," पेनिआता म्हणाला. "पणजोबांची नावं लिहून ठेव. मघाचाच पुन्हा आलाय."

खरंच तेच नाव दुसऱ्यांदा आलं होतं. बायकांमधून कोणीतरी हुर्यो उडवली. माउगा मटकन खाली बसला.

पेनिआता बहिणीबद्दल चारच वाक्यं बोलला. त्याला तेवढंच बळ होतं. मग बसायला गेला, तर गुडघा वाकेना. रीत म्हणून माउगाने हात पुढे केला.

"हात लावू नकोस."

पाहुणे जाईपर्यंत तो तसाच उभा राहिला.