कुपन फोनात कसं येते?

मंडळी, आज दुपारी पांढुर्ण्यात एका मार्टात सेल होता. माझ्या फोनवर कुपन आलं होतं, पंधराशेच्या खरेदीवर शंभर रुपये सूट. माझं सामान तेराशेचंच झालं, म्हणून मी उगाच बिस्किटांचे पुडे उचलून राहिली होती.

मागे उभ्या असलेल्या बाई म्हणाल्या, "ताई, फालतूचं काऊन घेऊन राहिल्या? माह्यं तेल अन् साखर तुमच्याच बिलात टाका. माह्ये पैसे मी देते."

अनोळखी बाई, म्हणून मी क्षणभर घुटमळली. मग एकच बिल केलं आणि सूट मिळाली.

बाहेर आल्यावर मी सूट मिळालेल्या शंभरातले त्यांच्या वाट्याचे पन्नास रुपये पुढे केले.

"पैसे नको. हे कुपन फोनात कसं येते, ते दाखवून द्या."

त्या तिगावच्या. दोन वर्षांपासून इथूनच किराणा नेतात. लोकांना सूट मिळताना पाहायच्या, पण विचारायची लाज वाटायची. काउंटरवर नंबर नोंदवावा लागतो, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

आम्ही परत आत जाऊन नंबर नोंदवला. मेसेज आला तसा त्यांनी दोनदा वाचला आणि लगेच मुलीला फोन लावला.

मला हे पहिल्यांदा कोणी शिकवलं, ते काही केल्या आठवत नाही. तुम्हाला आठवते का? आणि तुम्ही कोणाला शिकवलं?