डोंगराचे टायर

माउंटन बाइक घेतली तेव्हा म्हापशाच्या दुकानदाराने विचारलं, "चालवणार कुठे?" मी पेडण्यातल्या आमच्या गावामागचा डोंगर सांगितला. सुक्या खडीला बारीक बटणांचे, म्हणजे रबरी उंचवट्यांचे टायर, चिखलाला मोठ्या बटणांचे, असं त्याने तासभर समजावलं. पावसाळा होता, म्हणून मी मोठ्या बटणांचे घेतले आणि ऐटीत डोंगर गाठला.

तिथे गुळगुळीत हॉटमिक्स रस्ता! वर बाहेरच्यांसाठी प्लॉट पाडलेत ना, त्यांच्या गाड्यांना धक्का लागता कामा नये. त्या डांबरावर माझे टायर भुंग्यासारखे घोंघावत राहिले. चडफडत खाली आलो, तर आमच्या वाड्यावरचा, म्हणजे खालच्या वस्तीतला रस्ता पाइपलाइनसाठी गेल्या गणेशचवथीपासून खणून ठेवलेला. घोटाभर चिखल. त्यातून मात्र माझी सायकल म्हशीसारखी निवांत निघाली.

मागे वळून पाहिलं, तर आमच्या वाड्याने पंचायतीवर निवडून दिलेले पंच स्कूटरसकट रुतले होते. मी थांबलो. वाटलं, आता तरी या माणसाला रस्त्याची लाज वाटेल. त्यांनी पँट वर दुमडली, माझ्या चाकांकडे कौतुकाने पाहिलं आणि विचारलं, "बरे आसात रे हे टायर! स्कूटरीक मेळतले?"